साउंड कार्डाआधी अर्थिंग

उन्हाळ्याच्या सुट्या लागल्या की माझ्या दुकानात साउंड कार्डाची विचारपूस सुरू होते. दुकान चंद्रपुरात, जटपुरा गेटजवळ. गिऱ्हाईक मात्र ऊर्जानगरच्या कॉलनीपासून थेट गडचिरोली-वडशापर्यंतचं. कॉम्प्युटर घरात एकच. त्यावर मोठ्यांना टीव्ही जोडून सिनेमा बघायचा असतो, पोराला गेम खेळायचा असतो. "भाऊ, कोणतं कार्ड टाकू?" मी उलट विचारतो, स्पीकर कोणते आहेत? त्यांच्या मागच्या बाजूचा मोबाइलवर फोटो काढून आणा. तो फोटो बघितल्याशिवाय मी कार्डाचं नाव घेत नाही.

कारण साधं आहे. सिनेमा असो की गेम, कॉम्प्युटरच्या पोटात आवाज म्हणजे नुसते आकडे. त्या आकड्यांची वीज करून स्पीकरकडे पाठवायची, हे साउंड कार्डाचं काम. हे काम मदरबोर्डवर होऊ शकतं, वेगळ्या कार्डावर होऊ शकतं, नाहीतर कॉम्प्युटरच्या बाहेर होम थिएटरच्या ॲम्प्लिफायरमध्ये होऊ शकतं. तुमच्या घरी ते कुठे करायचं, हे ठरलं की निम्मी खरेदी ठरली.

एके काळी हा प्रश्नच नव्हता. १९८१ सालचा आयबीएम पीसी फक्त 'टीं' करायचा. १९८९ मध्ये सिंगापूरच्या क्रिएटिव्ह कंपनीनं साउंड ब्लास्टर आणलं आणि कॉम्प्युटरला कंठ फुटला. पुढची दहा-बारा वर्षं कार्ड नाही तर आवाज नाही, असा कारभार होता. मग इंटेलनं १९९७ मध्ये एसी-९७ आणि २००४ मध्ये एचडी ऑडिओ ही मानकं आणली, आणि आवाजाची चिप मदरबोर्डवरच येऊन बसली. २००७ च्या विंडोज व्हिस्टानं तर गेममधल्या त्रिमितीय आवाजाचं गणित कार्डाकडून काढून प्रोसेसरकडे दिलं. कार्डाची मक्तेदारी तिथे संपली. तरी आमच्याकडचे जुने लोक अजून "ओरिजिनल साउंड ब्लास्टर आहे का?" असं विचारतात. त्या नावाचा दरारा मोठा.

फोटोत एचडीएमआयचं होल दिसलं, तर मी कार्ड विकत नाही. ग्राफिक्स कार्डाची एचडीएमआय केबल चित्राबरोबर आठ चॅनेलपर्यंतचा आवाज आकड्यांच्याच रूपात नेते आणि आकड्यांची वीज ॲम्प्लिफायर करतो. अशा घरी कार्ड घातलं तर ते नुसतं बसून राहील. माझा धंदा बुडतो, पण गिऱ्हाईक पुढच्या वेळी परत येतं.

जुन्या ॲम्प्लिफायरला एचडीएमआय नसतं, ऑप्टिकलचं चौकोनी होल असतं. इथे मात्र जरा थांबावं लागतं. ऑप्टिकलच्या तारेतून ५.१, म्हणजे सहा चॅनेलचा, आवाज जातो तो डॉल्बी किंवा डीटीएसमध्ये दाबून बांधलेला असेल तरच. सिनेमाच्या फाइलमध्ये तो आधीच बांधलेला असतो, म्हणून सिनेमा छान वाजतो. गेमचा आवाज त्या क्षणी तयार होतो; त्याला कोणी बांधलेलं नसतं, म्हणून तो दोनच चॅनेलनं जातो आणि मागचे स्पीकर मुके राहतात. हे बांधण्याचं काम जागच्या जागी करणारी काही कार्डं मिळतात. खोक्यावर 'डॉल्बी डिजिटल लाइव्ह' किंवा 'डीटीएस कनेक्ट' लिहिलेलं असतं. आज कार्ड घ्यायला यापेक्षा पक्कं कारण मला तरी दिसत नाही.

राहिले तीन पिनांचे ५.१ स्पीकर. हिरवी पुढच्या स्पीकरची, काळी मागच्यांची, नारिंगी मधल्या स्पीकरची आणि वूफरची. मदरबोर्डला ही तीन होलं असतील तर आधी तिथेच लावून बघा. बाजारात असेही संच आहेत की स्पीकर सहा, पण मागे लाल-पांढरी एकच जोडी. ते आलेला स्टिरिओ आवाजच सगळीकडे वाटून देतात. तिथे दहा हजारांचं कार्डही पाण्यात. तीच गत दोन-तीनशे रुपयांच्या यूएसबी साउंड कार्डाच्या कांडीची. तिच्यावर ७.१ छापलेलं असतं, होलं दोनच असतात, एक हेडफोनचं आणि एक माइकचं.

आता मुख्य दुखणं. कार्डासाठी येणाऱ्या बऱ्याच जणांना खरं तर कार्ड नको असतं, त्यांना 'घूंऽऽ' असा गुणगुणाट घालवायचा असतो. मी घरी जातो, कॅबिनेटच्या पत्र्याला टेस्टर लावतो. दिवा लागतो. सॉकेटला तिसरं होल असतं, पण त्यामागे तार नसते, किंवा असली तरी ती कुठे पोचत नाही. अर्थिंग नसलेल्या कॅबिनेटवर पॉवर सप्लायमधून थोडी वीज उतरून बसते. हात लावला की मुंग्या येतात. ऑडिओची केबल जोडली की तीच वीज केबलच्या जाळीतून वाट काढते, आणि स्पीकरमधून ५० हर्ट्‌झचा गुणगुणाट येतो. २,९२० मेगावॉटचं वीज केंद्र ज्या गावाला आहे, त्या गावातली ही स्थिती! त्यात आमचा उन्हाळा ४५ अंशांच्या वरचा. जमीन सुकली की अर्थिंगचा खड्डाही सुकतो आणि पावसाळ्यात गप्प असलेला स्पीकर एप्रिलमध्ये बोलू लागतो. खड्ड्यात मीठ-कोळसा आहे का, हे वायरमनकडून बघून घ्या आणि उन्हाळाभर त्यात पाणी घालत जा.

अर्थिंग नीट करूनही गुणगुण राहिली तर ऑप्टिकल लावा. त्यातून वीज जात नाही, प्रकाश जातो, त्यामुळे दोन यंत्रांमधली विजेची वाटच तुटते. माऊस हलवला की हेडफोनमध्ये 'चीं चीं' होत असेल तर दोष कॅबिनेटच्या पुढच्या जॅकचा. तिथवर येणारी बारीक तार ग्राफिक्स कार्डाच्या अंगावरून येते. मागच्या जॅकला लावा, नाहीतर बाहेर ठेवायचं यूएसबी कार्ड घ्या. गडचिरोलीकडे आणखी एक पाहुणा भेटतो, स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टर. लाइन गेली की पंख्यासकट स्पीकरही गुरगुरतात. त्याला साइन वेव्ह इन्व्हर्टर हाच उपाय.

वडशाचं गिऱ्हाईक आवाजाच्या बाबतीत चिकित्सक. झाडीपट्टीच्या, म्हणजे आमच्या पूर्व विदर्भातल्या, नाटक कंपन्यांचं हे माहेर. रात्रभर बसून संवाद ऐकणारे लोक. याच रंगभूमीवरच्या परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली. तिथल्या एका काकांचा फोन आला, "गाने आयकू येऊन रायले, पन बोलनं काहून नाई येत?" त्यांनी दोनच स्पीकर जोडले होते आणि विंडोजमध्ये सेटिंग ५.१ चं. सिनेमातले संवाद बहुतेक मधल्या चॅनेलमध्ये असतात, आणि तो स्पीकर त्यांच्याकडे नव्हताच. फोनवरच स्टिरिओ करून दिलं. ते नवं कार्ड घ्यायला निघाले होते.

गेमवाल्या पोरांचं वेगळं. त्यांना पावलांचा आवाज कुठून आला ते कळायला हवं. त्यासाठी स्पीकरपेक्षा बरा हेडफोन कामाचा. हेडफोनमध्ये आवाजाची दिशा दाखवणारी विंडोजमधली 'विंडोज सॉनिक' ही सोय फुकट आहे, काही गेममध्ये एचआरटीएफ नावाचं स्वतःचं सेटिंग असतं. दोन्ही एकदम चालू ठेवू नका, दिशा बिघडते.

कार्डाच्या खोक्यावर १०६ डेसिबल, ११६ डेसिबल असे आकडे असतात. जितका आकडा मोठा, तितकी कार्डाची स्वतःची खरखर कमी. पण मे महिन्यात वाळ्याच्या ताट्यांचा कूलर खोलीत घोंघावत असताना त्या दहा डेसिबलचा फरक सांगणारा माणूस मला अजून भेटायचा आहे. त्या फरकाचे पैसे वाचवून मधल्या स्पीकरवर घाला.

कार्ड घेतलंच, तर आधी मदरबोर्डवर पीसीआय एक्स्प्रेसचा स्लॉट मोकळा आहे का बघा. ग्राफिक्स कार्ड जाड असलं की शेजारचा स्लॉट झाकला जातो. जुनं कार्ड असेल तर आमच्याकडे त्याच्या सोनेरी पट्ट्यांवर कोळशाची काळी धूळ बसलेली असते. शाळेतलं खोडरबर हलक्या हातानं फिरवा आणि भुगा झटकून मगच बसवा. ऑनलाइन मागवलं तर परत करायची मुदत संपायच्या आत सहाही स्पीकर एकेक करून वाजवून बघा, तेही संध्याकाळी, कूलर आणि फ्रीज चालू असताना.