रात्रगस्तीचा शिपाई आणि गुप्तवार्तेचा खर्च

१८ जुलै २०२३ च्या पहाटे कोथरूड परिसरात गस्तीवर असलेल्या पोलीस शिपायांनी दुचाकी चोरण्याच्या प्रयत्नात असलेल्या तिघांना हटकले. एक निसटला, दोघे हाती लागले. हे दोघे राजस्थानातील स्फोटके प्रकरणात राष्ट्रीय तपास यंत्रणेला हवे असलेले आरोपी असल्याचे चौकशीत उघड झाले. त्यांच्या शोधासाठी प्रत्येकी पाच लाख रुपयांचे इनामही जाहीर झालेले होते. ते कोंढव्यात राहत होते. तपास आधी राज्याच्या दहशतवादविरोधी पथकाकडे आणि पुढे राष्ट्रीय यंत्रणेकडे गेला.

मोठ्या यंत्रणा ज्यांच्या मागावर होत्या, ते रात्रगस्तीच्या हाती लागले. हा योगायोग म्हणून सोडून देता येईल. तथापि, गुप्तवार्तेवरील पैसा आणि माणसे नेमकी कोठे असावीत, हा जुना प्रश्न या घटनेने पुन्हा पुढे आणला.

एक शहर, अनेक यंत्रणा

लष्कराचे दक्षिण मुख्यालय, लोहगावचा हवाई तळ, खडकवासल्याची राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी, खडकीचा दारूगोळा कारखाना आणि डीआरडीओच्या प्रयोगशाळा यांमुळे पुणे हे संवेदनशील शहर मानले जाते. साहजिकच केंद्राचा इंटेलिजन्स ब्युरो म्हणजे आयबी, लष्करी गुप्तवार्ता, राज्य गुप्तवार्ता विभाग, दहशतवादविरोधी पथक आणि पोलीस आयुक्तालयाची विशेष शाखा अशा अनेक यंत्रणा येथे समांतर काम करतात. १५ ऑगस्ट २०१८ रोजी पिंपरी-चिंचवडचे स्वतंत्र आयुक्तालय सुरू झाले आणि या जाळ्यात आणखी एका आयुक्तालयाची भर पडली.

या यंत्रणांचे वरिष्ठ वेगळे, अर्थसंकल्पातील शीर्षे वेगळी आणि भरतीच्या पद्धतीही वेगळ्या. एकाच संशयितावर दोन यंत्रणांची माणसे नजर ठेवत असतील, तर खर्च दुप्पट होतो. प्रत्येकीला दुसरी पाहत असेल असे वाटले, तर मात्र कोणाचीच नजर राहत नाही.

रिकाम्या खुर्च्यांची बचत

गुप्तवार्तेचा खर्च ढोबळमानाने तीन गोष्टींवर होतो : वेतन, तंत्रसामग्री आणि खबऱ्यांना दिला जाणारा पैसा. यांपैकी तंत्रसामग्रीवरील खर्च सर्वांत सोपा. निविदा निघते, यंत्र येते, ते दाखवता येते. माणूस तयार होण्यास मात्र वर्षे लागतात. २०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात आयबीसाठी सुमारे ३,९०० कोटी रुपयांची तरतूद होती. परंतु केवळ तरतुदीवरून मनुष्यबळाची स्थिती कळत नाही. २०१३ मध्ये संसदेत देण्यात आलेल्या माहितीनुसार आयबीत २६,८६७ पदे मंजूर होती आणि प्रत्यक्षात १८,७९५ कर्मचारी होते. म्हणजे दर दहा खुर्च्यांपैकी तीन रिकाम्या! रिक्त पद कागदावर वेतनाची बचत दाखवते. न मिळालेल्या माहितीची किंमत मात्र कोणत्याच ताळेबंदात दिसत नाही.

शहरांतील विशेष शाखांची अडचण निराळी आहे. पारपत्रासाठी चारित्र्य पडताळणी, परदेशी नागरिकांच्या नोंदी, मोर्चे आणि सभांची माहिती ही कामे त्यांच्याकडेच असतात. पुण्यात तर परदेशी विद्यार्थी, गणेशोत्सव आणि पालख्यांचा मुक्काम यांमुळे हा भार वाढतो. कागदपत्रांत गुंतलेल्या माणसाकडून वस्तीतील बारीक हालचाल टिपली जाण्याची अपेक्षा ठेवणे अवघड आहे.

सूचना आली, पुढे काय?

डेव्हिड हेडली ऑक्टोबर २००९ मध्ये शिकागोत पकडला गेला. त्याने कोरेगाव पार्कात येऊन छाबड हाउसची पाहणी केल्याचे पुढे आले आणि सुरक्षेचे लक्ष त्या वास्तूकडे वळले. १३ फेब्रुवारी २०१० च्या शनिवारी संध्याकाळी स्फोट झाला तो तेथून हाकेच्या अंतरावरील जर्मन बेकरीत. त्यात १७ जणांचे प्राण गेले. परदेशातून आलेली माहिती गल्लीपर्यंत पोहोचली, तरी त्या गल्लीतील रोजचे व्यवहार ओळखणारी माणसे पुरेशी असावी लागतात, हा त्याचा धडा होता.

२६ नोव्हेंबर २००८ च्या मुंबई हल्ल्यानंतर नेमलेल्या राम प्रधान समितीनेही आलेल्या सूचनांवर पुढे काय कार्यवाही झाली, याची चिकित्सा केली होती. राज्य गुप्तवार्ता विभागात पूर्वी प्रामुख्याने पोलीस दलातील माणसे काही वर्षांसाठी येत आणि ही नेमणूक अनेकांना बाजूला टाकल्यासारखी वाटे. खबऱ्याचा विश्वास कार्यालयावर नसतो, माणसावर असतो. अधिकाऱ्याची बदली झाली, की वर्षानुवर्षे जोडलेला धागाही तुटतो. सहायक गुप्तवार्ता अधिकाऱ्यांची थेट भरती आणि पुण्यातील महाराष्ट्र गुप्तवार्ता प्रबोधिनी हे या दुखण्यावरील उपाय होत.

मेळ आणि हिशेब

कारगिल युद्धानंतर मंत्रिगटाने २००१ मध्ये केलेल्या शिफारशींतून यंत्रणांची माहिती एकत्र आणणारे बहुयंत्रणा केंद्र उभे राहिले. मुंबई हल्ल्यानंतर ते अधिक बळकट करण्यात आले. माहितीची देवाणघेवाण ही समांतर यंत्रणा पोसण्यापेक्षा स्वस्त असते. पण आलेली माहिती वाचून तिचा पाठपुरावा करणारा माणूस खालच्या टोकाला नसेल, तर केंद्र हे केवळ टपालघर ठरते.

राहता राहिला हिशेब. ‘रॉ’चा खर्च स्वतंत्रपणे जाहीर होत नाही. गुप्त सेवा निधीच्या पावत्या नेहमीच्या लेखापरीक्षणासाठी उघड केल्या जात नाहीत. वरिष्ठ अधिकाऱ्याचे प्रमाणपत्र पुरेसे मानले जाते. त्यामागे कारण आहे : खबऱ्याचे नाव पावतीवर आले, तर त्याच्या जिवावर बेतेल. मात्र, एकूण खर्च आणि रिक्त पदांचे आकडे उघड झाल्याने कोणताही खबरी उघडा पडत नाही. अमेरिकेत राष्ट्रीय गुप्तवार्ता खर्चाची एकूण रक्कम २००७ पासून जाहीर होते. ब्रिटनमध्ये १९९४ च्या कायद्याने संसद सदस्यांची देखरेख समिती आली. भारतात मनीष तिवारी यांनी २०११ मध्ये अशा देखरेखीसाठी खासगी विधेयक मांडले होते. त्याचा कायदा झाला नाही.

यंत्रे घ्यावी लागतील, केंद्रेही उभारावी लागतील. परंतु त्यांवरील प्रत्येक रुपयाला एकच प्रश्न विचारला पाहिजे : दिल्लीत किंवा मुंबईत कळलेली गोष्ट कोथरूडच्या रात्रगस्तीला किती लवकर कळते, आणि त्या शिपायाने पाहिलेले वर कोण ऐकून घेते? जुलैमधील त्या पहाटे दुचाकीचोरांना हटकणारे कोणी हजर होते. ती जागा रिक्त असती तर?