स्पर्धकाला नोट्स का द्यायच्या?

रात्रीचे अकरा. पुण्यातल्या सदाशिव पेठेतली एखादी अभ्यासिका. राज्यसेवा परीक्षेच्या टेलिग्राम ग्रुपवर कुणीतरी विचारतं, 'धन विधेयक आणि वित्त विधेयक यांत फरक काय?' एक मुलगी वही ओढून उत्तर लिहायला घेते. अनुच्छेद ११०, अनुच्छेद ११७. प्रत्येक धन विधेयक हे वित्त विधेयक असतं. प्रत्येक वित्त विधेयक मात्र धन विधेयक नसतं. इथे ती अडते. वाद झाला तर ठरवायचं कुणी? पुस्तक उघडून ती खात्री करते: लोकसभेच्या अध्यक्षांनी. दहा मिनिटांत पानाचा फोटो ग्रुपवर पडतो.

विचारणाराही तिला हव्या असलेल्या पदासाठीच झगडतो आहे. तरी ती का सांगते?

पहिलं कारण त्या अडण्यातच आहे. वाचताना सगळं समजल्यासारखं वाटतं. सांगायला बसलं की कच्चं कुठे आहे ते उघडं पडतं.

दुसरं कारण गावाकडचं. इरजिकीत आज माझे बैल तुझ्या शेतात, उद्या तुझे माझ्या. इथेही तसंच: परवा तिचं काळ-काम-वेगाचं गणित ग्रुपवरच सुटलेलं असतं. लोकसेवा आयोगाची पहिली उत्तरतालिका आली की हरकतींसाठी संदर्भ शोधायलाही सगळे एकत्र लागतात.

मग जास्त उत्तरं देणाऱ्याला बक्षीस ठेवलं तर? एडवर्ड डेसी या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९७१ साली विद्यार्थ्यांवरचा एक प्रयोग प्रसिद्ध केला. कोडी सोडवण्याचे पैसे एकदा दिले आणि मग बंद केले, तेव्हा मोकळ्या वेळात कोड्यांशी खेळण्याची त्यांची ओढ कमी झाली. पुढे रिचर्ड रायन यांच्यासह त्यांनी मांडलं, की माणसाला आतून तीन गोष्टी लागतात: आपल्या मर्जीने करणं, आपल्याला जमतंय ही जाणीव आणि आपली माणसं. चांगल्या ग्रुपवर या तिन्ही मिळतात.

'एवढंही येत नाही?' या एका वाक्याने त्या तिन्ही जातात. नवखा पुन्हा विचारत नाही, आणि प्रश्नच आटले की सांगणाराही गप्प होतो. म्हणून अ‍ॅडमिनने जाहिरातींइतकीच कुचेष्टाही तत्परतेने हटवायला हवी. आणि उत्तर मिळालेल्याने दोन शब्द लिहायला हवेत.

'ताई, आता पक्कं बसलं.' एवढं वाचून ती मुलगी वहीचं पान उलटते आणि तिला चार दिवस छळणारा इतिहासातला प्रश्न ग्रुपवर टाकते.