रोजच्या वस्तूंत दडलेली छायाचित्रे

फोटो काढायचे म्हटले की आपल्याला सापुताऱ्याची सहल किंवा घरचे लग्नकार्य आठवते. एरवी ‘इथे काय आहे काढण्यासारखे?’ असे आपण म्हणतो. पण छायाचित्रकलेचा इतिहास पाहिला तर वेगळेच दिसते.

इंग्लंडमधील टॅलबट हे या कलेच्या आद्य संशोधकांपैकी एक. त्यांचे १८४४ सालचे एक प्रसिद्ध छायाचित्र आहे. त्यात काय आहे? उघडे दार आणि त्याला टेकवून ठेवलेला एक झाडू! अमेरिकेतील एडवर्ड वेस्टन यांनी १९३० साली साधी ढोबळी मिरची पत्र्याच्या नरसाळ्यात ठेवून तिचे छायाचित्र घेतले. ते आजही जगभर नावाजले जाते.

आपल्या जवळचीही उदाहरणे आहेत. होमाई व्यारावाला यांचा जन्म १९१३ साली नवसारीला झाला. देशातील पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार म्हणून त्या ओळखल्या जातात. दिल्लीतील मोठे प्रसंग टिपण्याआधी त्यांनी मुंबईचे रोजचे जीवन आणि आपल्या मैत्रिणी कॅमेऱ्यात टिपल्या होत्या. बडोद्याचे चित्रकार ज्योती भट्ट यांनी १९६० च्या दशकापासून खेड्यापाड्यांतील घरांच्या भिंतींवरील चित्रे आणि रांगोळ्या यांची छायाचित्रे घेतली. पुढच्या सणाला भिंत सारवली की जुने चित्र जाते. छायाचित्रात मात्र ते राहते. २०१९ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

मग साध्या वस्तूचे चित्र चांगले कशामुळे होते? मुख्यतः प्रकाशामुळे. भर दुपारी ऊन डोक्यावरून पडते, त्यामुळे वस्तू सपाट दिसते. सकाळ-संध्याकाळचे तिरपे ऊन लांब सावल्या पाडते. मग पाट्याचे टाके, सुपाची वीण, भिंतीचे पोपडेही उठून दिसतात. घरात असाल तर फ्लॅश बंद करा आणि वस्तू खिडकीशेजारी ठेवा. एका बाजूने येणाऱ्या उजेडात तांब्याची गोलाई आपोआप दिसते.

एक सोपा अभ्यास सांगतो. घरातील कोणतीही एक वस्तू निवडा आणि तिची दहा छायाचित्रे घ्या. एक जवळून, एक जमिनीलगत बसून, एक वरून, एक फक्त सावलीचे. मागचा पसारा दूर करा. पहिली दोन-तीन छायाचित्रे सर्वांसारखीच येतील. त्यानंतर मात्र डोळा शोधू लागतो. यासाठी महागडा कॅमेरा लागत नाही. मोबाइलची काच स्वच्छ पुसली तरी पुष्कळ फरक पडतो.

कामरेजला विषयांची वाण नाही. तापीचा काठ, उसाने भरलेल्या गाड्या, हायवेवरील चहाच्या टपरीची वाफ, थंडीतला पोंक (म्हणजे आपला हुरडाच), उत्तरायणाला छपरावर अडकलेले पतंग. माणसांचे छायाचित्र घेताना मात्र आधी विचारावे. हायवेवर किंवा छपराच्या कडेवर उभे राहून फोटो काढू नयेत.

पालकांना एक विनंती. पाटा-वरवंटा, पितळी डबे, आजीची फिरकीची समई, पुरणयंत्र अशा वस्तू घराघरांतून निघून जात आहेत. महाराष्ट्रातून आपल्या वाडवडिलांबरोबर काय काय आले, हे पुढच्या पिढीला सांगणाऱ्या याच वस्तू आहेत. मोडीत देण्यापूर्वी मुलांना त्यांचे छायाचित्र घेऊ द्या. वस्तूचे नाव, ती कोणाची, कोणत्या गावाहून आली, हे आजी-आजोबांना विचारून तारखेसह लिहून ठेवायला सांगा. नाव-गाव नसलेले छायाचित्र पन्नास वर्षांनी कोणाला ओळखता येत नाही.

विश्वस्त मंडळींना आम्ही सुचवू इच्छितो की, अशा छायाचित्रांच्या छापील प्रती शाळेच्या वाचनालयात एका वहीत चिकटवून ठेवाव्यात. मोबाइल बदलतात, त्यांबरोबर फोटोही जातात. वही मात्र टिकेल, आणि तिच्यात आपली घरेही.