सोल्डर पेस्ट लवकर का बिघडते?

गेल्या उन्हाळ्यात काष्टीतला एक विद्यार्थी आपले अर्धवट मंडल घेऊन माझ्याकडे आला. विहिरीवरची मोटार घरबसल्या चालू-बंद करणारे यंत्र तो तयार करीत होता. त्यातील तांदळाच्या कणीएवढे घटक सोल्डर पेस्टने जोडायचे होते. परंतु पेस्ट वितळून एकजीव होण्याऐवजी तिच्या करड्या गोळ्या इतस्ततः विखुरल्या होत्या. "सर, पेस्ट दिवाळीतच आणलीय," तो म्हणाला. डबी मात्र पत्र्याच्या छपराखाली, फळीवर होती!

सोल्डर पेस्ट म्हणजे डाखाचे मलमच म्हणा ना. चिकट फ्लक्समध्ये डाखाची अतिसूक्ष्म भुकटी कालवलेली असते. वजनाने सुमारे 90 टक्के धातूच. नेहमीच्या प्रकारात 63 टक्के कथिल व 37 टक्के शिसे असते; हे संमिश्र 183 अंश सेल्सियसला वितळते.

डाखाची तार वर्षानुवर्षे टिकते, मग पेस्टच का बिघडते? थोडे गणित करू. एक सें.मी. बाजूच्या डाखाच्या घनाचे पृष्ठफळ 6 चौ. सें.मी. असते. त्याच्याच 35 मायक्रॉन व्यासाच्या गोळ्या केल्या, तर त्या सुमारे साडेचार कोटी होतील आणि त्यांचे एकूण पृष्ठफळ सुमारे 1,700 चौ. सें.मी., म्हणजे वर्तमानपत्राच्या एका पानाएवढे भरेल! हवेतील ऑक्सिजनला एवढे मोठे मैदान मिळते. शिवाय ऑक्साइडचा थर काढणे हे फ्लक्सचे काम. ते तो डबीतच हळूहळू सुरू करतो आणि ऐनवेळी थकलेला असतो.

तापमान 10 अंशांनी वाढले की रासायनिक क्रियेचा वेग साधारण दुप्पट होतो. नियम स्थूल आहे, पण उपयोगी आहे. म्हणूनच बहुतेक पेस्ट 2 ते 10 अंशांत ठेवायला सांगतात. बर्फाच्या कप्प्यात मात्र नको; फ्लक्समधील घटक वेगळे होऊ शकतात.

पण शिसे विषारी आहे. दूध-भाजीच्या फ्रीजमध्ये मी तरी ही डबी ठेवणार नाही. त्यापेक्षा मोठ्या कुंडीत लहान मडके ठेवा, मधल्या जागेत वाळू भरून ती ओली ठेवा आणि वर ओले फडके टाका. आपल्याकडच्या कोरड्या उन्हाळ्यात बाष्पीभवनामुळे आतले तापमान सहज 10 अंशांनी उतरते, म्हणजे बिघाडाचा वेग निम्म्यावर येतो. आत दमट असते, म्हणून पेस्ट हवाबंद पिशवीत हवी. हे मडके पुन्हा पिण्याच्या पाण्याला वापरू नये.

गार पेस्ट लगेच उघडू नका. शनिवारच्या बाजारात बर्फ घातलेल्या रसाच्या पेल्यावर बाहेरून थेंब जमतात ना? तेच पाणी पेस्टमध्ये शिरते आणि तापवताना तडतडून गोळ्या उडवते. फ्रीजमधून काढलेली डबी तीन-चार तास झाकण न उघडता तशीच राहू द्यावी. मुळात मोठी डबी घेऊच नये. लहान सिरिंज बरी, कारण तिच्यात हवा कमी शिरते. ती तोंड खाली करून ठेवावी, म्हणजे वर चढणारे बुडबुडे तोंडाशी साठत नाहीत. मंडलावर उरलेली पेस्ट परत डबीत घालू नये.

जुनी पेस्ट टाकण्यापूर्वी तिची परीक्षा घ्या. खिडक्या उघड्या ठेवून, शिक्षकांसमोर, अभ्रकाच्या तुकड्यावर मोहरीएवढी पेस्ट तापवा. एकच चकचकीत गोळी झाली तर पेस्ट चांगली. भोवती बारीक गोळ्यांचे कडे पडले तर ती निकामी. त्या विद्यार्थ्याच्या पेस्टचे असे कडेच पडले. नवी सिरिंज आणून त्याने तेच मंडल पुन्हा जोडले, आणि हात साबणाने धुऊनच तो चहाला बसला.