परतून येणारा बिघाड

कोल्हापुरातून पश्चिमेकडे निघालेला प्रत्येक मोठा रस्ता अखेरीस सह्याद्रीच्या एखाद्या घाटाशी येऊन ठेपतो. रत्नागिरीस जाणाऱ्याला आंबा घाट लागतो, वैभववाडीकडे उतरणाऱ्याला गगनबावड्यालगतचा करूळ अथवा भुईबावडा, राधानगरी-दाजीपूरमार्गे कणकवलीकडे जाणाऱ्याला फोंडा, आणि आजऱ्याकडून सावंतवाडीस निघालेल्याला आंबोली. या वाटांनी गुळाचे रवे, भाजीपाला, रोपवाटिकांतील रोपे, शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या कारखान्यांतील ओतीव भाग असा नाना प्रकारचा माल पिकअप गाड्यांतून वाहिला जातो. त्यांपैकी बहुतेक गाड्यांचे गिअर आजही हातानेच टाकावे लागतात. परंतु 2019 मध्ये इसुझूच्या व्ही-क्रॉसमध्ये आणि 2022 मध्ये टोयोटाच्या हायलक्समध्ये सहा टप्प्यांचा स्वयंचलित गिअरबॉक्स भारतीय ग्राहकाला मिळू लागल्यापासून बागायतदार, कंत्राटदार आणि लहान कारखानदार यांच्या दारी क्लचचे पायडल नसलेली पिकअप दिसू लागली आहे. ही सोय मोठी आहे यात संशय नाही. तथापि तिच्याबरोबर एक नवी चिंताही आली आहे, आणि ती अशी की हा गिअरबॉक्स कोणत्याही गाडीत एकदा बिघडला म्हणजे दुरुस्तीनंतरही तोच बिघाड परतून येण्याचा संभव बराच असतो.

या बिघाडाची लक्षणे साधारणतः ठराविक असतात. सकाळी थंड गाडी सुरळीत चालते. परंतु तासाभराच्या प्रवासानंतर दुसऱ्या गिअरवरून तिसऱ्यावर जाताना धक्का बसू लागतो. सपाट रस्त्यावर ताशी साठ-सत्तर किलोमीटरच्या वेगात, खडबडीत रस्त्यावरून चालल्यासारखी थरथर अंगाला जाणवते. चढावर इंजिनाचा आवाज वाढतो पण त्या प्रमाणात गाडी ओढत नाही, ज्याला आपले मिस्त्री ‘स्लिप होते’ असे म्हणतात. मालक गाडी दुरुस्तीस नेतो, एखादा सोलेनॉइड किंवा व्हॉल्व्ह बॉडी बदलली जाते, भरभक्कम बिल भरले जाते, आणि काही आठवडे सर्व काही ठीक चालून पुन्हा तीच थरथर, तोच धक्का सुरू होतो. अशा वेळी ‘गाडीच खराब निघाली’ असा निष्कर्ष काढून मालक हताश होतो आणि दुरुस्ती करणाराही पुढचा भाग बदलून पाहण्याची तजवीज करतो. माझे म्हणणे असे, की परतून येणारा दोष बहुधा बदललेल्या भागात नसतोच. तो भाग ज्या कारणाने निकामी झाला ते कारण जागच्या जागी राहिलेले असते, आणि ते हुडकल्यावाचून केलेली दुरुस्ती ही केवळ मुदतवाढ ठरते.

हे पटण्यासाठी यंत्राची रचना थोडी समजून घेतली पाहिजे. हाताने चालवायच्या गिअरमध्ये इंजिन आणि गिअर यांना जोडणारी क्लच प्लेट असते. स्वयंचलित गिअरबॉक्समध्ये त्या जागी तेलाने भरलेला टॉर्क कन्व्हर्टर असतो. त्याच्या पोटात पात्यांची दोन चक्रे समोरासमोर बसवलेली असून, इंजिनाने फिरवलेले पहिले चक्र तेल वेगाने दुसऱ्याकडे फेकते आणि त्या प्रवाहाच्या जोराने दुसरे चक्र फिरू लागते. मधले तिसरे, लहान चक्र परत येणाऱ्या तेलाला अनुकूल दिशा देऊन ओढण्याची शक्ती वाढवते. वेग स्थिरावला की एक लॉक-अप क्लच दोन्ही चक्रांना एकत्र बांधतो. पुढे ग्रहमालेप्रमाणे रचलेली दातेरी चक्रे असतात, त्यांतील कोणते धरायचे आणि कोणते सोडायचे हे पातळ क्लच प्लेटांचे संच ठरवतात. या संचांना तेलाचा दाब पुरवण्याचे काम व्हॉल्व्ह बॉडीतील बारीक वाटा व सोलेनॉइड करतात, आणि या सर्वांवर एका छोट्या संगणकाची हुकमत चालते. म्हणजे एकच तेल येथे शक्ती वाहून नेते, दाब निर्माण करते, झिजणाऱ्या भागांना वंगण पुरवते आणि उष्णताही बाहेर नेते.

या कल्पनेचा उगम मोटारीत झाला नाही. हेर्मान फ्योटिंगर या जर्मन अभियंत्याने विसाव्या शतकाच्या आरंभी जहाजांसाठी द्रवाच्या द्वारे शक्ती संक्रमित करण्याची युक्ती शोधून काढली आणि 1905 मध्ये तिचे पेटंट घेतले. पुढे अमेरिकेत जनरल मोटर्सने 1940 सालच्या ओल्ड्समोबिल गाड्यांसाठी हायड्रामॅटिक या नावाचा पूर्ण स्वयंचलित गिअरबॉक्स बाजारात आणला, आणि दुसऱ्या महायुद्धात तो रणगाड्यांतही वापरला गेला. रणगाड्याचा भार सोसणारे हे यंत्र मुळात नाजूक नाही. ते मार खाते ते मुख्यतः चार गोष्टींपुढे: उष्णता, अयोग्य तेल, पाणी आणि सदोष वीजपुरवठा.

यांपैकी उष्णतेचा विचार कोल्हापूरकराने सर्वप्रथम करावा. गिअरबॉक्सच्या तेलाचे तपमान सर्वसाधारणपणे 80 ते 95 अंश सेल्सियसच्या आसपास राहावे अशी अपेक्षा असते, आणि त्यापुढे दर दहा अंशांच्या वाढीबरोबर तेल खराब होण्याचा वेग सुमारे दुप्पट होतो असा रसायनशास्त्राचा ढोबळ नियम आहे. आता असे चित्र डोळ्यांपुढे आणा, की मागे पूर्ण भार घेतलेली पिकअप करूळच्या चढावर उसाच्या किंवा चिऱ्याच्या ट्रकमागे दहा-पंधरा किलोमीटरच्या वेगाने सरपटत आहे. या गतीला लॉक-अप क्लच बांधला जात नाही. इंजिनाची बरीचशी शक्ती तेल घुसळण्यात खर्ची पडून तिची उष्णता होते, आणि गाडीचा वेगच नसल्यामुळे कूलरवर वाराही पुरेसा येत नाही. गुऱ्हाळावरचा गुळव्या ज्याप्रमाणे कढईतील रसाचा रंग आणि वास यांवरून आच किती झाली हे ओळखतो, आणि एकदा करपलेला रस पुन्हा ताजा होत नाही हेही जाणतो, त्याप्रमाणेच या तेलाची पारख करावी लागते. नवे तेल बहुधा लालसर व पारदर्शक असते. पांढऱ्या कागदावर टाकलेला थेंब तपकिरी किंवा काळपट दिसला आणि त्याला जळका वास आला, तर क्लच प्लेटांचे अस्तर जळू लागले असे समजावे.

तेलाची जातही तितकीच महत्त्वाची आहे. लॉक-अप क्लच पकडताना घसरावा किती आणि धरावा किती हे त्या तेलातील रासायनिक द्रव्यांवर अवलंबून असते. म्हणून ‘ऑटोमॅटिकचे तेल’ एवढेच सांगून दुकानातून आणलेला कोणताही डबा चालत नाही. याचा बोधप्रद दाखला अमेरिकेत मिळतो. जनरल मोटर्सच्या आठ टप्प्यांच्या गिअरबॉक्समध्ये, सिल्व्हराडो आणि कोलोरॅडो या पिकअप धरून अनेक गाड्यांत, थरथरीच्या तक्रारी आल्या, प्रकरण न्यायालयापर्यंतही गेले. आणि 2019 च्या सुमारास कंपनीने आपल्या सेवा केंद्रांना जी सूचना दिली तिचा गाभा, जुने तेल पूर्णपणे काढून वेगळ्या घडणीचे नवे तेल भरा, हा होता. जुन्या तेलात मुरणारी आर्द्रता हे थरथरीचे कारण असल्याचे तिने मानले होते. गिअरबॉक्स उघडण्याआधी तेलाची चौकशी केली पाहिजे, हा त्यातील धडा आपल्यालाही लागू पडतो.

आर्द्रतेचा विषय निघाला म्हणजे कोल्हापूरकराला पंचगंगेची आठवण होणारच. ऑगस्ट 2019 आणि जुलै 2021 च्या महापुरांत शिरोलीजवळ राष्ट्रीय महामार्गच पाण्याखाली गेला होता, आणि तसा पूर नसतानाही पावसाळ्यात ओढ्यावरून वाहणारे पाणी ओलांडणे हा ग्रामीण वाहनचालकाचा नेहमीचा प्रसंग आहे. गिअरबॉक्सला श्वास घेण्यासाठी एक बारीक नळी असते. तापलेला गिअरबॉक्स एकाएकी थंड पाण्यात बुडाला की आतील हवा आकुंचन पावते आणि नळीचे तोंड पाण्यात असल्यास पाणी आत ओढले जाते. क्लच प्लेटांचे अस्तर कागदासारख्या तंतुमय द्रव्याचे असल्यामुळे पाण्याने ते फुगते आणि त्याचा चिकटपणा सुटतो. काही गाड्यांत तेलाचा कूलर रेडिएटरच्या पोटात बसवलेला असतो. तो आतून फुटल्यास कूलंट तेलात मिसळून तेल गुलाबी, दुधट दिसू लागते. असे तेल दिसल्यावर केवळ तेल बदलून गाडी ताब्यात घेणे म्हणजे त्याच बिघाडाला पुन्हा निमंत्रण देणे होय. तेथे कूलर आधी बदलला पाहिजे आणि मग गिअरबॉक्स उघडून तपासला पाहिजे.

चौथी बाब विजेची. मरगळलेली बॅटरी, गंजलेली अर्थिंगची तार, उंदराने कुरतडलेली वायर, किंवा कनेक्टरमध्ये शिरलेला ओलावा यांमुळे संगणकाला चुकीची माहिती पोहोचते आणि तो चुकीचा हुकूम देतो. परिणामी निर्दोष सोलेनॉइड दोषी ठरवून बदलला जातो. स्कॅनरवर उमटलेला दोषाचा क्रमांक कोणत्या मंडलात गडबड आहे एवढेच सांगतो. अमुक भाग बदला असा फैसला तो देत नाही, ही गोष्ट दुरुस्तीगृहांत पुष्कळदा विसरली जाते.

मग पद्धतशीर तपास कसा असावा? प्रथम मालकाची कैफियत तपशीलवार ऐकून, गाडी थंड असताना आणि पुरती तापल्यावर अशी दोनदा, मिस्त्रीने मालकास शेजारी बसवून चालवून पाहावी. नंतर स्कॅनर लावून तेलाचे तपमान व क्लचची घसरण चालत्या गाडीत वाचावी. तेलाची पातळी, कंपनीने ठरवलेल्या तपमानाला, इंजिन चालू ठेवून आणि गाडी समतल उभी करून मोजावी. अनेक नव्या गिअरबॉक्सना पट्टी नसते, बुचातून तेल ठिबकू लागण्याच्या क्षणावरून पातळी ठरते, आणि तपमान चुकले तर मोजमापच चुकते. त्यानंतर खालचे पात्र काढावे. त्यातील लोहचुंबकावर राखाडी रंगाचा बारीक लेप असणे ही नैसर्गिक झीज आहे. परंतु बोटांना टोचतील असे धातूचे कण किंवा अस्तराचे काळे तुकडे आढळले, तर झीज आतपर्यंत पोहोचली आहे. शेवटी दाबमापक लावून तेलाचा दाब पाहावा, आणि एवढे झाल्यावरच गिअरबॉक्स उतरवण्याचा विचार करावा.

तो उतरवावा लागलाच, तर बिघाड परतण्याचे एक मोठे कारण येथेच निर्माण होते. नव्या क्लच प्लेटा बसवल्या, पण कूलर आणि त्याच्या नळ्या यांत अडकलेला जुना कचरा तसाच राहिला, तर पहिल्याच प्रवासात तो तेलाबरोबर परतून व्हॉल्व्ह बॉडीच्या बारीक वाटा बुजवतो. टॉर्क कन्व्हर्टरच्या आत दडलेल्या कचऱ्याचेही तसेच. काम पुरे झाल्यावर संगणकाला नव्या प्लेटांची ओळख करून देण्याची विहित प्रक्रिया असते. ती गाळली, तर जुन्या झिजेच्या हिशेबाने तो दाब देत राहतो आणि निर्दोष दुरुस्तीही धक्के मारते.

चालकाच्या हाती असलेल्या गोष्टीही थोड्या नाहीत. घाटात हाताने खालचा गिअर निवडण्याची सोय असते, ती चढताना आणि विशेषतः उतरताना वापरावी. गाडी पुढे सरकत असताना मागचा गिअर टाकू नये. ठरवून दिलेल्यापेक्षा मोठे टायर आणि जादा भार टाळावा. घाटात नित्य भार वाहणाऱ्या गाडीच्या बाबतीत पुस्तिकेतील खडतर वापराचे वेळापत्रक पाळावे.

दुसरी दक्षता दप्तराची. प्रत्येक खेपेचे जॉब कार्ड, त्यावरील तारीख, किलोमीटर, आपल्याच शब्दांत लिहिलेली तक्रार, स्कॅनरचे क्रमांक आणि बदललेल्या भागांची यादी जपून ठेवावी. तोंडी सांगितलेली तक्रार पुढे कोठेही रुजू होत नाही. या कागदपत्रांच्या बळावर, 20 जुलै 2020 पासून अमलात येऊ लागलेल्या 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यान्वये, मोबदला 50 लाख रुपयांपर्यंत असल्यास जिल्हा आयोगाकडे फिर्याद करता येते. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते. दोष तपासणीवाचून ठरत नसेल, तर आयोग वस्तू योग्य प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो. मात्र पिकअपच्या मालकाने एक गोष्ट ध्यानी ठेवावी, की व्यापारी प्रयोजनासाठी घेतलेल्या वस्तूला या कायद्याचे संरक्षण नाही; स्वयंरोजगाराने केवळ आपली उपजीविका चालवण्यासाठी ती घेतली आणि वापरली असेल तर आहे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या क्रमांकावर प्राथमिक सल्ला मिळतो.

कोल्हापूरला यंत्राची जाण नवी नाही. शिवाजी उद्यमनगरातील लेथ आणि शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल येथील ओतकाम यांनी या जिल्ह्याला देशभर नाव मिळवून दिले; शेतावरच्या ऑइल इंजिनाचा बिघाड आवाजावरून ओळखणारे कारागीर येथे पिढ्यान्‌पिढ्या घडले. हाताच्या आणि कानाच्या या विद्येला आता स्वच्छ खोली, दाबमापक, स्कॅनर आणि कंपनीची दुरुस्तीपुस्तिका यांची जोड हवी, आणि ती देण्याचे काम येथील आयटीआय व तंत्रनिकेतनांनी अगत्याने हाती घ्यावे. मालकानेही आपली मागणी बदलली पाहिजे. गाडी परत घेताना ‘काय बदलले?’ एवढेच विचारून भागणार नाही. ‘ते कशामुळे निकामी झाले, आणि ते कारण दूर झाले का?’ याचे उत्तर त्याने जॉब कार्डवर लेखी मागावे, आणि ते मिळेपर्यंत दुरुस्ती पुरी झाली असे मानू नये.