शेपटीच्या टोकावरची ओळख

भंडारा जिल्हा तलावांसाठी आणि भातासाठी प्रसिद्ध आहे. पण पूर्व विदर्भातील इतर भागांप्रमाणे येथे हत्तीरोगही आढळतो. पाय सुजून खांबासारखा करणारा हा रोग एका सूत्रकृमीमुळे होतो. मादी आठ-दहा सेंटीमीटर लांब, पण दोऱ्याइतकी बारीक. ती लसिकावाहिन्यांत राहते आणि तिची असंख्य पिल्ले, म्हणजे मायक्रोफायलेरिया, रक्तात उतरतात. १८७२ साली कलकत्त्यात टिमथी लुइस यांनी ती माणसाच्या रक्तात पाहिली.

ही पिल्ले दिवसा फुप्फुसांतील रक्तवाहिन्यांत दडून बसतात आणि डास चावण्याच्या वेळी, म्हणजे रात्री, त्वचेजवळच्या रक्तात येतात. म्हणून आरोग्य कर्मचारी रात्री घरोघर जाऊन बोटाच्या रक्ताचे नमुने घेतात.

काचपट्टीवर कृमी दिसला की काम संपले असे नाही. भारतात या रोगाचे दोन कृमी आहेत: वुचेरेरिया बँक्रॉफ्टी आणि ब्रुगिया मलायी. रोग साधारण एकच, मग जातीची चौकशी कशाला? कारण त्यांचे डास वेगळे आहेत. बँक्रॉफ्टी पसरवणारा क्युलेक्स गटारात व सांडपाण्याच्या डबक्यात वाढतो. ब्रुगियाचा मुख्य वाहक मॅन्सोनिया. त्याच्या अळ्या पाणवनस्पतींच्या मुळांत नळी खुपसून श्वास घेतात! केरळात चेर्थला भागात १९८० च्या दशकात पिस्टिया ही तरंगती वनस्पती उपटण्याची मोहीम झाली ती याचसाठी. भंडाऱ्यात तलाव पावलोपावली असले, तरी विदर्भातली जात बँक्रॉफ्टी आहे. तेव्हा येथे लक्ष गटारांकडे हवे. जात चुकली तर सारे श्रम भलत्याच पाण्यात जातील.

आता ओळख पाहू. दोन्ही पिल्लांच्या अंगावर पातळ खोळ असते. बँक्रॉफ्टीचे पिल्लू सुमारे पाव मिलिमीटर लांब, डौलदार वळणांचे. ब्रुगियाचे थोडे आखूड आणि वेडेवाकडे मुडपलेले. पण वळणावर फार विसंबू नये, कारण रक्त वाळताना ती बदलतात. खरी खूण शेपटीत. गीम्सा रंगाने केंद्रके ठिपक्यांच्या रांगेसारखी उठून दिसतात. बँक्रॉफ्टीच्या शेपटीचे टोक रिकामे असते, ब्रुगियाच्या टोकाकडे दोन सुटी केंद्रके असतात. दोन ठिपक्यांवर जात ठरते!

डासाच्या शरीरात मात्र ही खूण उपयोगी पडत नाही. तेथे पिल्लू आखडून जाड होते आणि जनावरांच्या फायलेरियाची पिल्लेही तशीच दिसतात. येथे डीएनए मदतीला येतो. बँक्रॉफ्टीच्या डीएनएत १८८ अक्षरांचा एक मजकूर शेकडो वेळा आलेला आहे, तर ब्रुगियात ३२२ अक्षरांचा वेगळाच मजकूर आहे. वीस-पंचवीस डास एकत्र वाटून पीसीआर यंत्रात त्या मजकुराच्या कोट्यवधी प्रती काढल्या, की एखाद्याच डासातला कृमीही सापडतो.

मग सूक्ष्मदर्शक अडगळीत टाकावा काय? मुळीच नाही. पीसीआर विचारलेल्या जातीबद्दलच उत्तर देतो. अनपेक्षित कृमी डोळ्यालाच दिसतो. शिवाय डासात डीएनए सापडला, याचा अर्थ त्याने कृमी असलेले रक्त प्यायले एवढाच. ते पिल्लू दहा-बारा दिवस जगून, तिसऱ्या अवस्थेत पोचून माणसाला बाधा करण्याजोगे झाले की नाही, हे कळायला डास सुईने उकलूनच पाहावा लागतो.