डिस्नेलँड : गर्दी, प्रतीक्षा आणि वार्षिक परवाना

• उद्यान : कॅलिफोर्नियातील अनाहाइम येथे १७ जुलै १९५५ रोजी उघडलेल्या या उद्यानात खेळागणिक तिकीट घेण्याची आरंभीची पद्धत १९८२ साली संपुष्टात येऊन बहुतेक खेळ प्रवेशशुल्कातच अंतर्भूत झाले.

• प्रतीक्षाकाल : रांगेतील माणसांच्या संख्येस खेळाच्या ताशी क्षमतेने भागिले असता तो मिळतो, १,००० माणसे व ताशी २,००० क्षमता असल्यास अर्धा तास.

• राखीव वेळ : १९९९ मध्ये सुरू झालेल्या निःशुल्क ‘फास्टपास’ची जागा २०२१ मध्ये सशुल्क ‘लाइटनिंग लेन’ने घेतली.

• वार्षिक परवाना : ऑगस्ट २०२१ पासून अमलात आलेल्या ‘मॅजिक की’च्या धारकास भोजन व खरेदीत सवलत मिळते, तथापि प्रवेशासाठी आगाऊ आरक्षण आवश्यक असून, स्वस्त श्रेणींना गर्दीच्या ठरावीक तारखा वर्ज्य असतात.